मागच्या सीटवरचं वजन

वरचीवाडी, ता. लांजा
१८ नोव्हेंबर २०२४

ति. अक्काताई काकूंना नमस्कार,

मी दर्शना मांडवकर. तुमची तिचाकी मोटारसायकल कोल्हापूरच्या विनोद मेकॅनिककडून घेतली, ती मीच. तुम्ही विनोदकडे दिलेल्या काकांच्या मोबाईल नंबरवर बरेचदा फोन लावला. नुसता वाजतो, कोणी उचलत नाही. विनोद म्हणाला, काकूंना ऐकू येत नाही आणि मालक बाहेरगावी असतात, तर पत्रच टाका. शाळा सुटल्यापासून मी पत्र लिहिलेलं नाही, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

गाडी टेम्पोतून नीट पोचली. दारासमोरच्या खळ्यात माटवाच्या सावलीखाली उभी केली आहे. अख्खी वाडी बघून गेली. मागची दोन चाकं बघून एकाने विचारलं, ही मोटारसायकल आहे की रिक्षाचं पिल्लू. मी म्हटलं, पिल्लू तर पिल्लू, माझं आहे.

माझा डावा पाय लहानपणी पोलिओत गेला. लांज्याच्या काजू फॅक्टरीत मी गर निवडायला बसते. आतापर्यंत चुलत भाऊ धोंडू त्याच्या रिक्षातून सोडायचा, पण तो शिमगा झाला की रिक्षा विकून मुंबईला चाललाय. आय गेल्या वर्षी वारली, घरात मी एकटी. माझा सख्खा भाऊ गुरुप्रसाद विरारला असतो. तो म्हणतो, कशाला ते भंगार गळ्यात बांधून घेतलंस, मी मे महिन्यात येतो आणि तुला घेऊन जातो. दादा वाईट नाही. पण तिकडे एक खोली, त्यात चार माणसं, आणि मी दिवसभर पोरं सांभाळत खिडकीत बसणार. इथे निदान माझं काम आहे, माझं खळं आहे. मे महिन्याच्या आत गाडीला इथला नंबर मिळाला आणि मी माझी माझी कामावर जाऊ लागले, तर दादाला बोलायला जागा राहणार नाही. नाहीतर मला जावंच लागेल.

आता काम असं. गाडी कर्नाटकची, म्हणून रत्नागिरीच्या आरटीओ ऑफिसात आधी तिकडचा ना-हरकत दाखला मागतात. तो मूळ मालकाने मागायचा. विनोदने काकांच्या सहीचे कागद आणून दिलेत. अर्ज मोबाईलवरून भरता येतो, पण भरताना काकांच्या फोनवर सहा आकड्यांचा नंबर येतो. मी पुढच्या गुरुवारी, २८ तारखेला सकाळी लांज्यात सेवा केंद्रात अर्ज भरायला बसेन. आलेला नंबर तेवढा मला कळवा.

काकांना नमस्कार सांगा.

तुमची,
दर्शना

---

निपाणी
२८ नोव्हेंबर

चि. दर्शनाला आशीर्वाद,

तुझं पत्र ह्यांना वाचून दाखवलं. गाडी पोचली म्हटल्यावर जिवाला बरं वाटलं. रिक्षाचं पिल्लू म्हणणाऱ्याला सांग, ह्या पिल्लानं निपाणी ते जोतिबाचा डोंगर कितीदा केलाय. ह्यांचं घड्याळ दुरुस्तीचं दुकान होतं. त्याच्या आधी गिरणीत ह्यांचा पाय मशीनमध्ये गेला, तेव्हा आमचं लग्न नुकतंच झालेलं. माझ्या माहेरचे म्हणाले, आता ही घरात बसली. ह्यांनी बेळगावच्या मिस्त्रीकडून गाडी बनवून घेतली, गिअर हातात घेतला, ऑफिसात नेऊन रीतसर पास करून पुस्तकावर तीन चाकं लिहून घेतली, आणि पहिल्यांदा मला माहेरीच घेऊन गेले. दारात मुद्दाम हॉर्न वाजवत बसले होते बघ.

माझे कान गेलेत. भांडं पडलं तरी कळत नाही. डोळे मात्र शाबूत आहेत, म्हणून पत्र लिहिलंस ते लई चांगलं केलंस. मला पत्र कोण लिहितंय?

आज गुरुवार. सकाळपासून फोन समोर घेऊन बसले होते. तुझा नंबर आला. ४१७०९२. दोनदा तपासून लिहिलाय. पोस्टाची पेटी उघडायच्या आत पत्र पडावं म्हणून आता तशीच पोस्टात निघाले.

गाडी उन्हात ठेवू नको. ह्यांना आवडत नाही.

अक्काताई मगदूम

---

वरचीवाडी
६ डिसेंबर

ति. काकूंना नमस्कार,

पत्र आज मिळालं. काकू, तो नंबर दहा मिनिटांत मरतो हो. चूक माझीच, मी नीट लिहायला हवं होतं. सेवा केंद्रातल्या सानिकाला पत्र दाखवलं तर ती हसून हसून खुर्चीवरून पडायची राहिली. मीही हसले. मग घरी आले, दिवा लावला, आणि तुम्ही माझ्या त्या सहा आकड्यांसाठी पोस्टापर्यंत घाईघाईने चालत गेलात हे डोळ्यांसमोर आलं. आय गेल्यापासून माझ्यासाठी कोणी एवढी घाई केलेली नाही. तुमचं ते पत्र मी टाकून देणार नाही.

आता असं करूया. काकांनाच सांगा, नंबर आला की लगेच मला फोन करून वाचा. दोन मिनिटांचं काम आहे. माझा नंबर खाली लिहिते आहे.

आणि त्यांना आणखी एक विचारायचं आहे. वरच्या सड्यावर कातळाचं मोकळं पठार आहे, तिथे मी रविवारी शिकते. सरळ जाते ती छान. पण वळवायला गेले की आतलं चाक उचलल्यासारखं होतं आणि मी ब्रेक दाबून थांबते. आमच्या घराकडून रस्त्याला लागताना मोठा उतार आहे आणि उताराच्या टोकालाच वळण. तेवढं एक वळण जमलं तर लांजा काय, मी रत्नागिरीपर्यंत जाईन. काका कसे वळवायचे?

दर्शना

---

निपाणी
१५ डिसेंबर

चि. दर्शनाला आशीर्वाद,

हसलात ते बरं केलंत. मीपण हसले. एकटी हसते आहे हे बघून मांजर उठून गेलं.

हे फोनवर कुणाशी बोलत नाहीत. आधीपासूनच ती सवय नाही. तू वाट बघू नको, मी काहीतरी बघते.

वळणाचं सांगते. नीट वाच. दोन चाकांची गाडी आपोआप कलते, ही कलत नाही. ही टेबलासारखी उभी राहते आणि माणसाला बाहेर टाकायला बघते. म्हणून गाडीनं कलायचं नाही, आपण कलायचं. वळण डावीकडं असेल तर अंग डावीकडं टाक, आणि वळण सुरू व्हायच्या आधी टाक. सुरू झाल्यावर टाकलंस तर उशीर झाला. उतारावर गिअर काढू नको, बारक्या गिअरात सोड. ब्रेक वळणाच्या आधी मारून मोकळी हो, वळणात दाबू नको.

आणि मागं वजन लागतं. सीट रिकामी असली की ही गाडी चेकाळते. ह्यांच्या मागं मी असायची. वळण मला ह्यांच्या आधी दिसायचं, कारण ह्यांचं लक्ष खड्ड्यांकडं. मी आधी कलायची, माझं अंग कललं की ह्यांना कळायचं वळण आलं. पुढं पुढं आम्ही बोलत नव्हतो. कुणी बघितलं असतं तर म्हटलं असतं, ही दोघं गाडीवर झोपा काढतायत.

तुझ्या मागं कुणी नसलं तर वाळूची पिशवी बांध. पोत्याएवढी नको, माणसाच्या मांडीवर मावेल एवढी.

अक्काताई

---

वरचीवाडी
२ जानेवारी २०२५

ति. काकूंना नमस्कार,

वाळूची पिशवी बांधली. आधी कलायला लागले. काकू, गाडी वळली. सड्यावर गोल गोल फिरले, गुरं राखणारे बघत उभे राहिले. काकांना सांगा, एवढं नीट मला आजवर कोणी शिकवलं नाही. इथल्या गॅरेजवाल्या मिस्त्रीची पोरंदेखील नुसतं "सोड, सोड" ओरडतात.

आता नंबराचं. काका फोनवर बोलत नाहीत ना, तर मी विनोदला सांगितलंय. कोल्हापूरहून निपाणी त्याला जवळ. पुढच्या रविवारी, बारा तारखेला तो तुमच्याकडे येईल, काकांच्या शेजारी बसेल, नंबर आला की तोच मला वाचून दाखवेल. आणि जाता जाता त्याच्या फोनवरून काकांचा चेहरा मला दाखवेल. बोलायला नको त्यांना, मी नुसता हात जोडेन.

दादाचा काल फोन आला. मे महिन्याची रेल्वेची तिकिटं काढायचं ठरवलंय म्हणाला. त्याचं एक यायचं, आमची दोन जायची. मी नाय म्हटलं नाही, हो पण म्हटलं नाही.

दर्शना

---

वरचीवाडी
३० जानेवारी

ति. काकूंना नमस्कार,

तुमचं पत्र आलं नाही म्हणून मीच लिहिते.

विनोद तुमच्या दारात येऊन गेला. तुम्ही खिडकीत होतात, त्याच्याकडे बघितलंत आणि दार उघडलं नाहीत. मग शेजारच्या बाईंनी त्याला सांगितलं, की मगदूमकाका जाऊन दोन वर्षं झाली. विनोदने रस्त्यावरूनच मला फोन केला. तो चिडला होता, काकूंनी आपल्याला फसवलं म्हणत होता. मी त्याला गप्प केलं.

काकू, मी तुम्हाला एक सांगते. आय गेल्यावर रेशनकार्डावरून तिचं नाव मी कमी केलं नव्हतं. तांदळासाठी नव्हे, एकट्या माणसाला कितीसा लागतो तांदूळ. दुकानदार दर महिन्याला विचारतो, "घरात माणसं किती?" तेव्हा मला "दोन" म्हणता यायचं. पुढे प्रत्येकाचा अंगठा मागायला लागले तेव्हा नाव कमी झालं. त्या महिन्यात "एक" म्हणताना घशात अडकलं, आणि दुकानदाराला वाटलं मला ठसका लागला. त्याने पाणी दिलं. त्यामुळे मला तुमचं कळतं, एवढंच सांगायचं होतं.

काकांच्या सहीचे कागद मी कुठे दिलेले नाहीत. ते चुलीत घातले. ते पुढे गेले असते तर तुम्हाला त्रास झाला असता. रत्नागिरीच्या ऑफिसात मी कुणाचं नाव न घेता विचारून आले. साहेब म्हणाले, सोपं आहे, मालक गेले असतील तर गाडी आधी बायकोच्या नावावर होते, मग तिच्या सहीने दाखला, मग इकडे नंबर. त्याला काकांच्या मृत्यूचा दाखला लागतो, आणि तुम्हाला स्वतः ऑफिसात जावं लागतं.

हे मी तुमच्याकडे मागू की नको, कितीतरी दिवस विचार करत होते. माझी गाडी तुमच्या त्या एका सहीवर अडली आहे हे खरं आहे. पण तुम्हाला जमणार नसेल तर तसं कळवा. विनोद गाडी परत आणून तुमच्या अंगणात उभी करेल. मी दादाबरोबर जाईन. रागावणार नाही.

वळणाचं तुम्ही लिहिलंत ते काकांचं होतं की तुमचं? कुणाचं का असेना, मला जमतं आता.

दर्शना

---

निपाणी
११ मार्च

चि. दर्शनाला आशीर्वाद,

तुझं पत्र वाचून मला राग आला. विनोदचा आला, शेजारणीचा आला, तुझाही आला. पत्र पिठाच्या डब्यामागं सारून ठेवलं आणि तुला उत्तर द्यायचं नाही असं ठरवलं. पंधरवडाभर ठरवत होते. मग एक दिवस भाकरीचं पीठ काढताना ते रेशनचं परत वाचलं आणि तिथंच खाली बसले.

सही करताना मला काही चोरी वाटली नव्हती बघ. शेवटी शेवटी ह्यांचा हात कापायचा, तेव्हा पोस्टात, बँकेत मीच सही करायची आणि हे शेजारी बसून मान हलवायचे. विनोद कागद घेऊन आला तेव्हा पण मी केली. मान हलली असंच वाटलं मला. ह्यांच्या फोटोला मी हार घातलेला नाही. हार घातला की येणारा जाणारा त्याच्याकडं बघून आवाज बारीक करतो, आणि बारीक आवाज मला ऐकू येत नाही. सगळे तोंड हलवतात आणि मी एकटी बसते. त्यापेक्षा हे घरी नाहीत, बाहेर गेलेत, येतील, हे बरं होतं. फोनला पैसे भरत होते ते त्यासाठीच. कुणीतरी ह्यांना अजून फोन करतंय, दिवा लागतोय, हे मला दिसायचं. तुझेही फोन मी बघितले. उचलून काय करणार होते?

पुतण्यानं दाखला आणून ट्रंकेत ठेवला होता, मी उघडला नव्हता. आता उघडला. काही नाही, नुसतं नाव आणि तारीख. मला वाटलं होतं काहीतरी मोठं असेल.

काल चिकोडीच्या ऑफिसात गेले. पुतण्या येतो म्हणाला, मी म्हटलं, मी जाते. बसमध्ये खिडकीला बसले. घाटातलं पहिलं वळण दिसलं आणि मी सवयीनं आधीच कलले, ती शेजारी बसलेल्या बाईच्या अंगावर जाऊन पडले. बाई कानडीत जे बोलली ते ऐकू आलं नाही म्हणून बरं. पुढच्या वळणाला परत कलले. दर वळणाला. मग ती उठून दुसरीकडं बसली. माझ्या शेजारची जागा चिकोडीपर्यंत रिकामी होती आणि मला लई रडू आलं. दोन वर्षांत मी रडले नव्हते, बसमध्ये रडले.

ऑफिसात अर्ज लिहून देणाऱ्यानं ह्यांच्या नावाच्या आधी कैलासवासी लिहायला घेतलं. मी म्हटलं, थांब, ते मी लिहिते. पेन घेतलं आणि लिहिलं. खाली माझी सही केली, माझी म्हणजे माझीच. सहा आकड्यांचा नंबर ह्यांच्याच फोनवर आला, मी तिथंच वाचून दिला. पोस्टात टाकला नाही हो. माझ्याकडं दुसरा फोन कुठला, म्हणून कागदावर पण ह्यांचाच नंबर दिलाय.

आधी गाडी माझ्या नावावर होईल, मग दाखला येईल. आजवर माझ्या नावावर घरातला तांब्या पण नव्हता, आता थोडे दिवस मी गाडीची मालकीण. दाखला हातात पडला की रजिस्टरनं पाठवते. मेच्या आत येईल असं तो माणूस म्हणाला.

वळणाचं माझं होतं. गिअरचं ह्यांचं.

अक्काताई

---

वरचीवाडी
१२ मे

ति. मावशींना नमस्कार,

काकू नको म्हणते आता, मावशी म्हणते. चालेल ना?

दाखला एप्रिलमध्येच मिळाला, तेव्हा फक्त चार ओळी पाठवल्या होत्या. आज सगळं लिहिते.

गाडी टेम्पोत घालून रत्नागिरीला नेली. साहेबांनी चॅसीवरचा नंबर पुसून पुसून पाहिला, तुमच्या पुस्तकाशी जुळवला, तीन चाकं मोजली. मग म्हणाले, चालवून दाखवा. मैदानात दोन फेऱ्या मारल्या. थांबल्यावर त्यांनी मागच्या पिशवीवर हात ठेवून विचारलं, हे काय आहे? माझ्या तोंडून निघून गेलं, मागचं माणूस आहे. ते हसले आणि सही केली. एमएच ०८ मिळाला, मावशी. तुमच्याकडची जुनी पाटी उतरवताना मात्र हात जड झाला. ती पुसून ठेवली आहे, कुणाबरोबर तरी पाठवते.

दादा पाच तारखेला आला. पहिल्या दिवशी गाडीकडे बघितलंसुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी मी कामावर निघाले तेव्हा म्हणाला, चल, सोडतो तुला. मी म्हटलं, बस मागे, मी सोडते तुला. पिशवी काढून ठेवली, तो बसला. उतारावर वळण आलं तसा हा घाबरून भलत्याच बाजूला कलला. गाडी जरा उचलली, पण वळली. लांज्याच्या नाक्यावर उतरला तेव्हा कपाळावर घाम होता. शर्टाच्या बाहीने तो पुसला. मग म्हणाला, आयने हे बघायला हवं होतं. माझ्या तिकिटाबद्दल त्याने विचारलं नाही. काल रात्रीच्या गाडीने तो एकटाच गेला.

मला इथेच राहायचं होतं, राहिले. मला वाटलं होतं फार आनंद होईल. आनंद झालाही, नाक्यावर झाला. पण आज घरी आले, गाडी माटवाखाली लावली, आणि दार उघडायला कुणी आत नाही हे रोजच्यापेक्षा जास्त कळलं. दादा होता तेव्हा त्याच्याशी भांडायला तरी कुणीतरी होतं. आता भांडण मिटलं. पिशवी परत मागे बांधली आहे.

मावशी, निपाणीहून कोल्हापूर आणि कोल्हापूरहून लांजा अशी एसटी आहे. स्टँडवर मी घ्यायला येईन. माझ्याकडे जागा आहे, आंबेही आहेत. मागची सीट तर तुमचीच आहे. विचार करा.

तुमची,
दर्शना

---

निपाणी
२६ मे

चि. दर्शनाला आशीर्वाद,

मावशी चालेल. पळेल म्हण की.

काल सकाळी ह्यांच्या फोनचा दिवा लागला. मला वाटलं तूच. बघते तर सरकारचा मेसेज. पुतण्याच्या मुलीला दाखवून खात्री करून घेतली. तुमची गाडी अमुक अमुक नंबरची, आता दर्शना मांडवकर यांच्या नावावर झाली आहे, असं सरकारनं कळवलंय. कळवलंय मला, पण आलं ह्यांच्या फोनवर.

पोरगी गेल्यावर मी फोटोसमोर खुर्ची ओढली आणि ह्यांना तो वाचून दाखवला. मोठ्यानं वाचला. लई मोठ्यानं वाचलं की मला माझाच आवाज थोडा ऐकू येतो. शेजारीण धावत आली, काय झालं, काय झालं करत. मी तिला म्हटलं, काही नाही, गाडी विकली ते ह्यांना सांगत होते. ती फोटोकडं बघून आवाज बारीक करायला लागली. मी म्हटलं, जोरात बोल, मला ऐकू येत नाही. तर ती जोरात बोलली. मग चहा पिऊन गेली. संध्याकाळी झेंडूचा हार आणला आणि घातला.

फोन रात्री चार्जिंगला लावला नाही. सकाळी बघितला तर काळा झाला होता. तसाच फोटोशेजारी ठेवलाय. आता तुला माझ्याशी बोलायचं तर पत्रच.

येण्याचं म्हणतेस. मला बसची भीती नाही, शेजारच्या सीटवरल्या बाईची वाटते. दर वळणाला कलायची खोड काही जात नाही. कोल्हापूरहून लांज्याला येताना घाट लागतो म्हणतात, लई वळणं आहेत म्हणे. तेव्हा मी एकटीसाठी दोन तिकिटं काढीन म्हणते, म्हणजे कुणाच्या अंगावर पडायला नको. पाऊस ओसरू दे. गणपती झाले की बघते.

जुनी पाटी पाठवू नको. येईन तेव्हा घेऊन जाईन. आणि पिशवी तोवर काढू नकोस. ती मी येऊन काढीन.

तुझी मावशी,
अक्काताई